गोड्या पाण्याने तीनदा

बाबा गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या गाडीसकट समुद्रात गेले. हे एकदा सांगून टाकलं, बरं झालं. आता असं धरून चालू की तसं काही झालेलंच नाही. आज मंगळवार आहे. गाडी घराखाली उभी आहे, बाबा वर खिडकीशी बसून पेपर डोळ्यांपासून चार बोटांवर धरून वाचल्याचं दाखवतायत, आणि मी धक्क्यावरच्या पार्किंगमध्ये, अगदी शेवटच्या रांगेत, जागा क्रमांक एकशे सत्तेचाळीससमोर उकिडवा बसलो आहे. समोर माझ्या हातचा पिवळा पट्टा आहे. गाडीनं इथवर यायचं आणि थांबायचं, एवढंच सांगणारा आडवा पट्टा, लांबी अडीच मीटर. त्याचं एक टोक जमिनीवरून उठलंय आणि वाऱ्यावर फडफडतंय, झोपलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर हलावी तसं. मी ते टोक चिमटीत धरून ओढलं. एखादं तरी ठिकाण धरून ठेवेल अशी माझी अपेक्षा होती. एकाही ठिकाणानं धरलं नाही. अडीच मीटर पट्टा एकसंध, न तुटता, अत्यंत आज्ञाधारकपणे माझ्या हातात आला. खाली डांबरावर पांढरी पूड होती. ती मी बोटाला लावली आणि बोट जिभेवर ठेवलं. काहीच लागलं नाही. समोर समुद्र, हातात सोललेला पट्टा, बोटावर मीठ, आणि तोंडात नुसतं बोट.  

धंद्याची गोष्ट थोडी सांगायला हवी. समुद्राकाठी रंग उन्हानं जात नाही, गाड्यांनी जात नाही, मिठानं जातो. खारे तुषार रात्रंदिवस उडत असतात, डांबराच्या बारीक भोकांत मीठ बसतं, आणि त्यावर रंग मारला की तो डांबराला चिकटल्याचं नाटक करतो. म्हणून आधी जमीन गोड्या पाण्याने तीनदा धुवायची. वाळू द्यायची. मग ओल्या बोटाने जमीन पुसून बोट चाटायचं. खारट लागलं तर परत धुवायचं. ही चाचणी बाबांची. तीस वर्षं त्यांनी या धक्क्यावर पट्टे मारले आणि तीस वर्षं जमीन चाटली. आईला हे लग्नानंतर कळलं. ‘मला सांगितलं होतं सरकारी कामं घेतात,’ असं ती अजून म्हणते. मी लहान असताना डबा घेऊन यायचो तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसलेले असत, बोट तोंडात, डोळे मिटलेले, आणि धक्क्यावर बोटीची वाट बघणारे लोक त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. मला लाज वाटायची. मग बाबा डोळे उघडून म्हणायचे, ‘अजून एकदा धू,’ आणि त्यांचा मदतनीस मुकाट्यानं बादली उचलायचा. बाबांच्या जिभेशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. खारटपणा मोजायचं यंत्र मिळतं म्हणे, काडेपेटीएवढं. त्यासाठी मी बंदराच्या कार्यालयात तीन अर्ज केले. तिन्ही विचाराधीन आहेत. माझ्या मते ते अर्ज आता एकमेकांना ओळखायला लागले असतील.

दोन महिन्यांपूर्वी मला ताप आला. पाच दिवसांनी गेला, आणि पाहुणे जाताना चपला बदलून जातात तसा माझी चव घेऊन गेला. वास थोडाफार परत आला. गोड लागतं, कडू अर्धवट लागतं, खारट नाही. मी म्हटलं येईल चार दिवसांत. येईल येईल म्हणत मी कामावर जात राहिलो, जमीन धूत राहिलो, बोट चाटत राहिलो, आणि प्रत्येक वेळी जीभ म्हणाली, उत्तम. मी ज्या ठेकेदाराकडे कामाला आहे त्याच्या कागदावर एक रकाना असतो, ‘चाचणीचा निकाल’. त्यात मी दोन महिने ‘समाधानकारक’ लिहितोय. माझ्याइतकी समाधानी जीभ या किनाऱ्यावर दुसरी नसेल. एकसष्ट पट्टे. त्यांतला कुठला धरून आहे आणि कुठला नुसता पडून आहे हे मला माहीत नाही, आणि हातातला पट्टा गुंडाळत मी उभा राहिलो तेव्हा सगळं पार्किंग मला निराळं दिसायला लागलं. सगळ्या रेषा जागच्या जागी, सरळ, ताज्या, आणि सगळ्या माझी वाट बघत असल्यासारख्या. शाळेत वर्गातल्या सगळ्यांना काहीतरी माहीत असतं आणि आपल्यालाच नसतं, तसं. बाकीच्या सुटल्या तर काय होईल? गाड्या वाकड्या लागतील, लोक भांडतील. शेवटच्या रांगेचं तसं नाही. तिथे चाकं अडवायला सिमेंटचे ओंडके होते, ते आतलं लोखंड गंजून फुगून फुटले. त्यापुढे कठडा होता, तो दुरुस्तीला म्हणून कापून नेला, त्याला दीड वर्ष झालं. काठावर त्याचे बोल्ट तेवढे बोटभर वर आलेले आहेत. बोल्टांच्या पलीकडे चार पुरुष उंचीचा सरळ कडा आणि खाली दगड आणि पाणी. तेव्हा या रांगेत गाडी आणि समुद्र यांच्यामध्ये अधिकृतरीत्या फक्त मी आहे. म्हणजे माझा पट्टा.

आणि एकशे सत्तेचाळीस ही बाबांची जागा. निवृत्त झाल्यापासून ते दर गुरुवारी साडेनऊला येतात, तिथेच गाडी लावतात, काचा खाली करतात आणि दहाची बोट सुटताना बघतात. बघतात म्हणजे तिचा भोंगा ऐकतात. बाबांचे डोळे गेलेत. पूर्ण नाही, कडांकडून आत आत येत गेलेत, बिळात पाणी शिरावं तसे. हे मला माहीत आहे आणि बाबांना माहीत आहे; आईला माहीत नाही आणि लायसन देणाऱ्याला तर मुळीच नाही, कारण डोळे तपासायच्या खोलीतला तक्ता बाबांना तोंडपाठ आहे, खालच्या ओळीसकट. एकदा मीच त्यांना तो म्हणताना ऐकलं, अंघोळ करता करता, स्तोत्रासारखा. मी विचारलं, ‘बाबा, गाडी कशी चालवता मग?’ ते म्हणाले, ‘रस्ता काळा, पट्टा पांढरा. दोन्ही बाजूंचे पांढरे धरून चालायचं. पिवळा बॉनेटखाली गेला की ब्रेक. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, आता स्वतः ऐकतोय.’ आणि मग, जरा थांबून, ‘आईला बोलू नकोस. गाडी काढून घेईल.’ मी बोललो नाही. घरातून धक्क्यापर्यंतचा पट्टा अन् पट्टा माझा किंवा त्यांचा आहे. तेव्हा मला त्यात एक प्रकारचा अभिमान वाटला होता. अभिमान ही फार उशिरा किडणारी वस्तू आहे.

मंगळवारी दुपारी जेवायला घरी गेलो. बाबांना रक्तदाबामुळे मीठ बंद आहे. आई त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात करते आणि त्या पातेल्यावर तुरुंगाधिकाऱ्यासारखी लक्ष ठेवते. मी जेवत होतो, म्हणजे हात तोंडाकडे जात होता, डोक्यात एकसष्ट पट्टे वळवळत होते. बाबा समोर होते. आई पोळ्या आणायला आत गेली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, ‘कशी आहे भाजी?’

‘छान आहे.’

‘तुझ्या ताटात माझी आहे.’

मी खाली बघितलं. भाजीवरून काहीच कळत नव्हतं. भाजी भाजीसारखीच दिसत होती.

‘आणि तुझी मी खाल्ली,’ बाबा म्हणाले. ‘चार महिन्यांनी मीठ लागलं. आईनं ताटं बदलली, मी कशाला बोलू? पण तू का बोलला नाहीस?’

आई पोळ्या घेऊन आली. ‘काय कुजबुज चाललीय बापलेकांची?’

‘हवेबद्दल,’ बाबा म्हणाले. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे लागले होते, जिथे मी आहे असं त्यांना वाटत होतं. आई परत आत गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘कधीपासून?’ मी म्हणालो, ‘कसलं कधीपासून.’ ते म्हणाले, ‘बरं.’ मग बराच वेळ त्यांनी पोळीचे तुकडे केले, खायचे नव्हते तरी. हात धुवायला उठले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गुरुवारी येतोच आहे. जरा लवकर येतो. बोटीच्या आधी तुझे दोन-चार पट्टे बघतो.’ बघतो म्हणाले. मला कळलं की ते चाटायला येणार आहेत. सत्तरीच्या घरातला, डोळ्यांनी अधू, मीठ बंद असलेला माणूस माझ्यासाठी पार्किंग चाटायला येणार होता, आणि मी इतका घाबरलो होतो की मला आधी वाटलं, ठेकेदारानं हे बघितलं तर? गाडीनं येऊ नका, चालत या, रिक्षानं या, एकशे सत्तेचाळीसला पट्टा नाहीये, असं सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण ते सांगायचं तर पट्टा का नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि मी म्हटलं, उद्या बुधवार आख्खा आहे, उद्या पट्टा असेल. बाबांना न सांगितलेली गोष्ट त्यांना आधीच कळलेली होती. तरीही मी ती लपवून ठेवली. रिकामं पाकीट जपावं तशी.

बुधवारी सकाळी सहाला मी टाकीजवळ होतो. पार्किंगच्या कोपऱ्यात, पावत्यांच्या खोपटामागे, गोड्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे. बादल्या भरून मी एकशे सत्तेचाळीस धुतली. तीनदा. मग जिभेवर भरवसा नाही म्हणून चौथ्यांदा. खोपटात शिट्टी आला होता. शिट्टी म्हणजे पावत्या फाडणारा. गळ्यात शिट्टी असते, ती तो वाजवत नाही, बोलताना चघळतो. मी त्याला म्हणालो, ‘एक काम आहे, जरा विचित्र आहे.’

‘विचित्र कामं मला कोणी सांगतच नाही,’ तो म्हणाला. ‘बोल.’

‘जमीन चाटायची आहे.’

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. ‘कोणाची?’

‘कोणाची म्हणजे? पार्किंगची. बोट लावून नुसतं. खारट लागतं का सांग.’

‘तुझी जीभ कुठे गेली?’

‘तोंड आलंय.’

तो आला. खरंच आला, बिचारा, गुडघ्यांवर बसला, बोट पुसलं, चाटलं, विचार केला. बोटीला निघालेल्या एका बाईनं आपल्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. ‘खारट,’ तो म्हणाला. मी पाचव्यांदा धुतली. ‘खारट.’ सहाव्यांदा. ‘खारटच आहे की.’ मी म्हणालो, ‘आता तुझं मनगट चाट.’ त्यानं चाटलं. ‘खारट.’ ‘शिट्टी?’ ‘तीही. अरे, अकरा वर्षं इथे बसतोय मी. मला बायकोचा चहासुद्धा खारट लागतो. तिला सांगितलं तर भांडते.’ तेव्हा या माणसाची जीभ सगळ्याला खारट म्हणते आणि माझी कशालाच म्हणत नाही. दोघांची सरासरी काढली तर एक निरोगी मनुष्य होतो. मी सातव्यांदा धुतली. जगात कुठलीच जमीन सातदा धुतल्यावर खारट राहत नाही, अशी मी माझी समजूत घातली. अंगातलं पाणी संपलं होतं, टाकीच्या नळाला तोंड लावून पोटभर प्यायलो. ऊन चढलं, डांबर वाळलं. दोऱ्या लावल्या, चिकटपट्ट्या लावल्या, रंग ढवळला. पिवळा रंग बादलीत फार निरागस दिसतो. पट्टा सरळ आला. भीतीचा हातावर परिणाम होतो म्हणतात, माझ्या बाबतीत तो जिथे व्हायला हवा होता तिथे कधीच झाला नाही. वारा वाढत होता. संध्याकाळी रंग नखानं दाबून बघितला, टणक होता. रकान्यात मी ‘समाधानकारक’ लिहिलं. दुसरं काय लिहायचं असतं तिथे ते मला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी मी साडेआठला आलो. धुकट होतं, तुषारांनी हवा पांढरी झाली होती, चष्मेवाले लोक चष्मे पुसत होते. मी तडक शेवटच्या रांगेत गेलो. पट्टा होता. वाकून हात फिरवला, होता. डाव्या टोकाशी नखभर उचलल्यासारखा वाटला. दाबला, खाली बसला. मग वाटला नाही. मग परत वाटला. बाबा लवकर म्हणजे कधी येतील? नऊला? सव्वानऊला? काही झालं तरी त्यांना या जागेत येऊ द्यायचं नाही, फाटकापाशीच अडवायचं, सगळं सांगून टाकायचं, ताप, जीभ, एकसष्ट, सगळं, असं मी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर पाणी प्यायला टाकीपाशी गेलो. नळाला तोंड लावलं. शिट्टी खोपटातून बघत होता.

‘ते पितोस तू?’

‘का?’

‘पंधरा-वीस दिवस झाले, खालून तडा गेलाय टाकीला. भरतीचं पाणी शिरतं आत. चहालासुद्धा कोणी घेत नाही.’ त्यानं आपली घरची बाटली दाखवली. ‘मला वाटलं तुला माहीत असेल. चव नाही का कळत?’

मी नळ बंद केला. काल मी तिथे मीठ काढत नव्हतो. सात वेळा, पूर्ण प्रामाणिकपणे, बादलीनं मीठ घालत होतो. शिट्टी बिचारा तिन्ही वेळा खरं बोलला होता.  पायांना आधी कळलं होतं. ते सामानाच्या खोलीकडे पळत सुटले होते. तिथे नारंगी शंकू होते, ते आडवे लावले की रांग बंद. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. ‘शिट्टी,’ मी ओरडलो, ‘बाबांची गाडी आली तर फाटकातच थांबव.’ तो खोपटाच्या दारात येऊन म्हणाला, ‘काकांची ना? ते गेले की आत आत्ताच. मी सलाम पण केला.’

खोलीच्या दारापासून शेवटची रांग दोनशे पावलं आहे. मला इतक्या लांबून सगळं स्वच्छ दिसलं, हा त्या हवेचा अपमान होता. एकशे सत्तेचाळीसच्या दोन पांढऱ्या रेषांमधून आमची गाडी अगदी हळू, शाळेतल्या मुलानं रेघेवर अक्षर काढावं तशी सरळ, पुढे येत होती. डांबरावर पिवळा पट्टा नव्हता. तिथे नुसता त्याच्या आकाराचा पांढरटसा ठसा होता. पट्टा वाऱ्यानं सबंध उचलला होता, अडीच मीटर पुढे नेला होता आणि कापलेल्या कठड्याच्या बोल्टांना अडकवून काठावर ठेवला होता. वेडावाकडा नाही. आडवा, ताणलेला, सरळ, पिवळाधमक. मीच घातला असता तर इतका नीट आला नसता. बाबांना बाकी काहीही दिसत नव्हतं. काळ्यावरचं पिवळं तेवढं दिसत होतं. आणि ते समोर होतं, अजून बॉनेटखाली गेलेलं नव्हतं. मी ओरडत पळत होतो आणि दोन्ही हात हलवत होतो. काच खाली होती. बाबांनी आवाजाच्या दिशेनं, माझ्या जरा डावीकडे बघून, हात हलवला. त्यांच्या दुसऱ्या हातात काहीतरी होतं. गाडीच्या टपाशी धरून त्यांनी ते मला दाखवलं. पाण्याची बाटली. घरची, गोड्या पाण्याची, जमीन पुसायला.

बाबा पिवळ्यावर थांबले असते. ते आयुष्यात कधी पिवळ्याच्या पुढे गेले नाहीत. ब्रेकचा लाल दिवा बरोबर वेळेवर लागला, मी बघितला. पट्टा बॉनेटखाली गेला त्याच क्षणी लागला; पण तिथे चाकांखालची जमीन संपली होती.

हा कागद ठेकेदारानं दिला. घडलेल्या घटनेचा तपशील कार्यालयाला द्यायचा असतो, शेवटी ‘अन्य मागणी’ असा रकाना आहे, दोन ओळींचा. आई आतल्या खोलीत आहे. तिनं विचारलं, काय लिहितोयस, मी म्हणालो, हवेबद्दल. मी पेन चाटलं. काहीच लागलं नाही. मग लिहिलं:

सबब कार्यालयास नम्र विनंती, की अर्जदाराने दोन महिन्यांत दिलेले एकसष्ट व त्यानंतरचा एक, असे बासष्टही ‘समाधानकारक’ शेरे रद्द करून ते ‘खारट’ असे वाचण्यात यावेत. सदर दुरुस्ती मागील तारखेपासून लागू धरून चालू आठवड्यातील गुरुवार हा दिवस सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनंतर कार्यालयीन नोंदीतून कमी करण्यात यावा. आणि आदेश होईपर्यंत जागा क्रमांक एकशे सत्तेचाळीसमधील वाहन जेथे होते तेथेच, ब्रेकवर, उभे असल्याचे समजण्यात यावे.